दुधाळ काळोख: शेडरमधल्या एका चुकलेल्या जोडीचे प्रकरण

देखावा रात्रीचा होता. दगडी भिंतींचे आवार, दोन दिवे, कोपऱ्यात वर चढणारा पांढरा धूर. ब्राउझरमध्ये वेबजीएल २ वर, म्हणजे ग्राफिक्स चिपकडून चित्र काढून घेण्याच्या वेब-सोयीवर, चालणारा हा त्रिमितीय देखावा आमच्या छोट्या चमूने काही महिने घडवला होता. त्यातल्या प्रत्येक पिक्सेलचा रंग शेडर, म्हणजे ग्राफिक्स चिपवर चालणारे छोटे प्रोग्रॅम, ठरवतात. प्रकाशयोजना करणारी सहकारी पहिल्या दिवसापासून एकच तक्रार करत होती: "काळोख काळा दिसत नाही. त्यात कुणीतरी दूध ओतल्यासारखं वाटतं."

तिचे म्हणणे खरे होते. चित्रकाराने भिंतीचे टेक्श्चर, म्हणजे पृष्ठभागावर चढवायचे चित्र, रंगवले तेव्हा दगडांमधल्या फटी जवळजवळ काळ्या होत्या. आमच्या पडद्यावर त्याच फटी राखाडी आणि धुरकट दिसत. उजेडातल्या भागात मात्र काहीच खटकत नव्हते. भिंतीचा प्रकाशित भाग, दिव्याखालची जमीन, आकाशाची कड, सगळे जिथल्या तिथे. बिघाड फक्त अंधारात आणि बाकी सगळीकडे ठीक, या एका लक्षणाने आम्हाला बराच काळ चकवले.

आधी दोष धुक्यावर गेला. देखाव्यात हलके धुके होते, ते बंद केले, तरी दूध तसेच. मग सभोवारच्या प्रकाशावर संशय आला आणि तो कमी करत करत जवळपास एक-तृतीयांशावर आणला. रात्र थोडी सुधारली, पण त्याच आवारातल्या खोल्यांच्या दिवसाच्या देखाव्यात सावल्या ठार काळ्या झाल्या. ते सावरायला तिथे जादा दिवे पेरले. शेवटी कुणीतरी सर्वात शेवटच्या टप्प्यात एक कॉन्ट्रास्टची वक्ररेषा घातली. तिने काळोख खाली ओढला आणि त्याबरोबर कातडीचे व लाकडाचे रंग भडक केले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असे आमचे चालले होते. प्रत्येक उपाय स्वतःपुरता थोडा चालत होता, म्हणूनच मूळ दोषापर्यंत पोहोचायला उशीर झाला.

मोजायला बसलो तेव्हा

शेवटी नजरेवर विसंबणे सोडले. ० (काळा) पासून २५५ (पांढरा) पर्यंतच्या राखाडी छटांची एक पट्टी टेक्श्चर म्हणून चढवली. दिवे, धुके, टोनमॅपिंग (तीव्र उजेड पडद्याच्या मर्यादेत बसवणारी पायरी) सगळे बंद ठेवले. टेक्श्चर वाचायचे, आहे तसे पुढे पाठवायचे आणि शेवटच्या टप्प्यातून कॅनव्हासवर, म्हणजे ब्राउझरच्या चित्रफलकावर, लिहायचे, एवढेच काम उरले. मग कॅनव्हासवरचे पिक्सेल परत वाचले. जे आत गेले तेच बाहेर यायला हवे होते. मॉनिटर कसा लावलेला आहे हा प्रश्नच यात उरत नाही, कारण आपण पडदा पाहत नसून अंक पाहत असतो.

० गेला, ० आला. १२८ गेला, १२७ आला. १८८ चे १८७ झाले. एवढ्यावर कोणीही म्हणेल की सगळे बरोबर आहे, एका अंकाचा फरक पूर्णांकात बसवतानाच्या गोलाईचा असेल. आणि नेमके तेच आम्ही प्रकल्पाच्या सुरुवातीला म्हटले होते. तेव्हा आमची चाचणी मधल्या राखाडीवर आणि शुद्ध काळ्या-पांढऱ्यावर होती. तिन्ही ठिकाणी ती पास झाली होती.

या वेळी पट्टीचे अंधारे टोक पाहिले. ६४ चे ६६. २० चे २७. १० चे १८. ५ चे १३.

हे आकडे समोर आले आणि खोलीत शांतता पसरली. १० ऐवजी १८ हा फरक ऐकायला आठच अंकांचा, पण प्रत्यक्ष प्रकाशात मोजला तर जवळजवळ दुप्पट आहे. ५ ऐवजी १३ म्हणजे अडीच पटीहून जास्त. दगडांच्या फटी नेमक्या याच पट्ट्यात रंगवलेल्या होत्या.

अंक आणि प्रकाश यांमधले नाते

इथे जरा थांबून पाया सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. चित्रफाइलीत साठवलेला अंक म्हणजे प्रकाशाचे प्रमाण नव्हे. २५५ ला १ मानले तर ०.५ हा अंक पांढऱ्याच्या निम्मा प्रकाश दाखवत नाही, फक्त सुमारे ०.२१४ इतका दाखवतो. उलट, खरोखर निम्मा प्रकाश हवा असेल तर सुमारे ०.७३५ म्हणजे १८८ साठवावे लागते. या वाकड्या साठवणीला गॅमा-एन्कोडिंग म्हणतात. जुन्या पिक्चर ट्यूबमधली इलेक्ट्रॉन गन व्होल्टेजला साधारण अशाच घातांकी रीतीने प्रतिसाद देत असे, हा तिचा इतिहास. पण ट्यूब गेल्या तरी ही साठवण टिकली, आणि त्याला भक्कम कारण आहे: आपला डोळा अंधारातले बारीक फरक जास्त चटकन टिपतो. आठ बिटांत २५६ पायऱ्याच मिळतात, त्यांतल्या जास्त पायऱ्या अंधारात खर्च केल्या तर छटा तुटक दिसत नाहीत.

याचा पडताळा सोपा आहे. आठ बिटांत थेट लिनियर, म्हणजे न वाकवलेला, खऱ्या प्रमाणातला प्रकाश साठवला तर पहिल्या चार पायऱ्या पडद्यावर ०, १३, २२ आणि २८ वर पडतात. शून्यानंतर एकदम तेरा! मधल्या बारा छटा गायब. म्हणून लिनियर प्रकाश साठवायचा तर १६ बिटी फ्लोट (दशांश संख्या) घ्यावा, आठ बिटांत ठेवायचे तर एन्कोड करून ठेवावे. आठ बिटी लिनियर बफर (चित्राचा तात्पुरता साठा) कोड-रिव्ह्यूमध्ये दिसला तर मी आजही तिथे अडतो.

हिशोब मात्र लिनियर प्रकाशातच करावा लागतो. दोन दिवे एका जागी पडले तर त्यांचा प्रकाश जोडला जातो, साठवलेले अंक नव्हे. एन्कोड केलेले ०.५ आणि ०.५ जोडून १ केला तर दोन सारख्या दिव्यांनी प्रकाश दुपटीऐवजी सुमारे पावणेपाच पट झाला. लाल आणि हिरवा अर्धे-अर्धे मिसळताना अंकांची सरासरी घेतली तर १२८, १२८, ० हा मळकट रंग मिळतो, प्रकाशाची घेतली तर १८८, १८८, ० हा स्वच्छ पिवळा. म्हणून शेडरमध्ये येताना डीकोड, म्हणजे अंक पुन्हा लिनियर करणे, आत सगळा हिशोब लिनियरमध्ये, बाहेर जाताना पुन्हा एन्कोड.

आता नेमकी वक्ररेषा. एसआरजीबी ही रंगसाठवणीची पद्धत ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडली आणि १९९९ मध्ये ती आयईसी ६१९६६-२-१ या नावाने मानक झाली. तिची वक्ररेषा दोन तुकड्यांची आहे. डीकोड करताना अंक ०.०४०४५ किंवा त्याहून लहान असेल तर त्याला सरळ १२.९२ ने भागायचे. मोठा असेल तर त्यात ०.०५५ मिळवून, १.०५५ ने भागून, उत्तराचा २.४ वा घात घ्यायचा. एन्कोड करताना उलट वाट: लिनियर मूल्य ०.००३१३०८ पर्यंत असेल तर १२.९२ ने गुणायचे, पुढे असेल तर त्याचा १ भागिले २.४ इतका घात घेऊन १.०५५ ने गुणून ०.०५५ वजा करायचे.

या दोन तुकड्यांची मिळून जी आकृती होते ती एकूणात साध्या २.२ घातासारखी दिसते. म्हणून असंख्य शेडरांत "२.२ चा घात घ्या, झाले" असे लिहिलेले आढळते. मधल्या आणि उजळ छटांत ते खरोखर चालून जाते. अंधारात नाही. १० या अंकाचा खरा लिनियर प्रकाश सुमारे ०.००३०३ आहे, २.२ घाताने तो ०.०००८० येतो. जवळजवळ पावणेचार पटींचा फरक!

जोडी कशी चुकली

आमच्या टेक्श्चरांना एसआरजीबी फॉरमॅट दिलेला होता. अशा टेक्श्चरचे डीकोडिंग हार्डवेअर करते, आणि ते नेमक्या दोन-तुकडी वक्ररेषेने करते. शेडरला मूल्य मिळते ते आधीच लिनियर असते. हा भाग निर्दोष होता. आतले बफर १६ बिटी फ्लोटचे, तेही बरोबर. पण आमच्या कॅनव्हासचा मूळ फ्रेमबफर, म्हणजे शेवटचे चित्र जिथे लिहिले जाते तो साठा, एसआरजीबी फॉरमॅटचा नव्हता, त्यामुळे शेवटचे एन्कोडिंग हार्डवेअर करून देत नव्हते. ते शेडरमध्ये हाताने लिहावे लागले. आणि त्या शेवटच्या टप्प्यात, आधीच्या एका जुन्या प्रकल्पातून आलेली ओळ होती: ऋण मूल्ये शून्यावर आणा, मग १ भागिले २.२ चा घात घ्या.

त्या जुन्या प्रकल्पात डीकोडिंगही हातानेच २.२ ने होत असे. तिथे ती ओळ योग्य होती, कारण येताना २.२ आणि जाताना १ भागिले २.२ एकमेकांना पूर्ण कापतात. प्रकाशाचा हिशोब थोडा वेगळा येतो, पण काहीही न करता पुढे पाठवलेला पिक्सेल जसाच्या तसा परत येतो. आमच्याकडे मात्र डीकोड एका वक्ररेषेने आणि एन्कोड दुसरीने होऊ लागले. १० आत गेला, ०.००३०३ झाला, त्याचा १ भागिले २.२ घात सुमारे ०.०७२ आला, म्हणजे १८. दूध कुठून येत होते ते कळले.

म्हणून अंदाजे सूत्राला मी सरसकट नावे ठेवत नाही. वर्ग आणि वर्गमूळ ही सर्वात स्वस्त जोडीसुद्धा काही ठिकाणी चालते. पण अंदाज दोन्ही बाजूंना एकच हवा. एका बाजूला हार्डवेअर आले की दुसऱ्या बाजूला अंदाज ठेवण्याची मुभा संपली. नेमक्या सूत्राच्या खर्चाची भीतीही आम्ही तपासून पाहिली. शेवटच्या टप्प्यात प्रत्येक पिक्सेलला एकदा तीन घात, बस्स. आमच्या फ्रेमच्या एकूण वेळेत तो फरक मोजण्याइतकाही दिसला नाही.

दुरुस्तीने आणलेले काळे ठिपके

नेमके सूत्र लिहिताना एक नवीन चूक झाली, आणि ती मला या प्रकरणातली सर्वात शिकवणारी वाटते. दोन तुकडे आहेत म्हणून दोन्ही निकाल काढायचे, स्टेप फंक्शनने ० किंवा १ असे वजन काढायचे आणि मिक्स या मिसळणाऱ्या फंक्शनने त्यांतला एक निवडायचा, अशी लोकप्रिय रीत आहे. जर-तर शाखा टळते आणि तिन्ही रंगघटक एकदम होतात. आम्ही तशीच लिहिली. जुन्या ओळीतले "ऋण मूल्ये शून्यावर आणा" हे लिहिताना गाळले. तर्क असा होता: ऋण मूल्य ०.००३१३०८ पेक्षा लहानच, ते सरळ तुकड्यात जाणार, घाताशी त्याचा संबंध कुठे येतो?

आमच्या मशीनवर सगळे छान दिसले. दुसऱ्या एका फोनवर दिव्यांच्या कडेला, अंधाऱ्या बाजूला, काळे ठिपके उमटले आणि कॅमेरा हलला की ते लुकलुकत.

एन्कोडच्या आधी प्रतिमा धारदार करणारा एक फिल्टर होता. उजळ वस्तूच्या शेजारी असा फिल्टर अंधाऱ्या पिक्सेलला शून्याच्याही खाली ढकलू शकतो, त्यामुळे तिथे किंचित ऋण मूल्ये तयार होत होती. जीएलएसएल या शेडर लिहिण्याच्या भाषेत ऋण संख्येच्या पॉवचा, म्हणजे घात काढणाऱ्या फंक्शनचा, निकाल अनिश्चित असतो. अनेकदा पॉव आतून लॉगरिदम घेऊन केला जातो, आणि ऋण संख्येचा लॉगरिदम नॅन देतो, म्हणजे संख्याच नाही अशी अवस्था. आता मिक्सचे काम पाहा. फ्लोट वजनाचे मिक्स निवड करत नाही, गुणाकार करून बेरीज करते. घाताच्या तुकड्याचे वजन शून्य असले तरी शून्य गुणिले नॅन हे नॅनच राहते. सरळ तुकड्याचे चांगले उत्तर त्या बेरजेत बुडून जाते.

उपाय दोन आहेत. आम्ही दोन्ही केले. घाताला देण्याआधी मॅक्सने (दोनांतला मोठा देणारे फंक्शन) ऋण मूल्य शून्यावर आणले, आणि मिक्सला फ्लोटऐवजी बूलियन, म्हणजे खरे-खोटे मूल्यांचा, सदिश दिला. बूलियन मिक्समध्ये न निवडलेल्या बाजूला काहीही निरर्थक असले तरी ते निकालात शिरत नाही, असे जीएलएसएलच्या नियमावलीतच म्हटलेले आहे. ठिपके गेले.

वाटेत सापडलेली बाकीची माणके

पट्टीची चाचणी आता ० ते २५५ प्रत्येक अंक बिनचूक परत देत होती. तरी दिव्याची काच फिकी दिसत होती. चित्रकाराने दिलेला नारिंगी २५५, १२८, ३२ होता, पडद्यावर २५५, १८८, ९९ असा पिठाळ रंग उमटत होता. कारण लगेच सापडले. हा रंग टेक्श्चरमधून येत नव्हता, युनिफॉर्ममधून, म्हणजे प्रोग्रॅमने शेडरला थेट दिलेल्या मूल्यातून, येत होता. हार्डवेअर टेक्श्चर डीकोड करते, युनिफॉर्मला ते हात लावत नाही. आलेला अंक लिनियर समजून वापरला गेला आणि शेवटी त्यावर एन्कोड चढले. रंगनिवडीच्या खिडकीतून येणारा प्रत्येक रंग आम्ही आता शेडरला पाठवण्याआधीच डीकोड करतो. एका रंगासाठी प्रत्येक पिक्सेलवर तेच गणित करण्यात अर्थ नाही.

धुराचे दुखणे वेगळे. पांढऱ्या धुराच्या मऊ कडेला काळसर वलय दिसे. टेक्श्चर चढवताना ब्राउझरला अल्फाने, म्हणजे अपारदर्शकतेच्या अंकाने, आधीच गुणायला सांगितले होते, आणि हा गुणाकार एन्कोड केलेल्या अंकांवर होतो. निम्म्या अल्फाचा पांढरा पिक्सेल १२८ म्हणून साठला. हार्डवेअरने तो डीकोड केला तेव्हा हवे असलेले ०.५ मिळाले नाही, मिळाले ०.२१६. पांढऱ्या धुराखाली पांढरी भिंत असेल तर बेरीज १ व्हायला हवी, ती ०.७१६ झाली, म्हणजे पडद्यावर २५५ ऐवजी २२०. म्हणून वलय. चढवताना गुणणे बंद केले आणि शेडरमध्ये, डीकोड झाल्यानंतर, रंगाला अल्फाने गुणले. अल्फा स्वतः कधीच एन्कोड केलेला नसतो, एसआरजीबी टेक्श्चरमध्येही चौथा घटक लिनियरच राहतो.

नॉर्मल मॅप, म्हणजे पृष्ठभागाची दिशा साठवणारी टेक्श्चरे, मात्र आमच्याकडे सुदैवाने बरोबर होते. तिथे एसआरजीबी फॉरमॅट चुकून लागला असता तर १२८, जो तिरकेपणा शून्य असल्याचा अर्थ सांगतो, तो ०.२१६ झाला असता आणि दोनने गुणून एक वजा केल्यावर शून्याऐवजी सुमारे उणे ०.५७. सपाट भिंत एका बाजूला कलल्यासारखी उजळली असती. खरखरीतपणा, धातूपणा, उंची, मुखवटे, हे सगळे रंग नव्हेतच, तिथे गॅमाचा प्रश्न उद्भवत नाही.

एक निर्णय वादाचा होता. पडद्यावरची बटणे आणि अक्षरे लिनियरमध्ये मिसळायची का? पांढऱ्यावर निम्मा पारदर्शक काळा लिनियरमध्ये १८८ देतो, रचनाकाराच्या साधनात तो १२८ असतो. तिने पसंत केलेली छटा १२८ च होती. म्हणून बटणे आम्ही एन्कोडनंतर, गॅमातच रंगवतो. भौतिकदृष्ट्या ते चुकीचे आहे हे मला मान्य आहे. पण तिथे प्रकाशाचा हिशोब चालत नाही, रचनाकाराने ठरवलेला रंग दाखवायचा असतो. छटा तुटू नयेत म्हणून मिसळला जाणारा बारीक नॉईजही (यादृच्छिक कण) एन्कोडनंतरच टाकतो, कारण आठ बिटांची गोलाई तिथेच होते.

शेडरमधल्या चलांची नावेही बदलली. रंग धरणाऱ्या प्रत्येक चलाच्या नावाला आता शेपूट असते: एन्कोड केलेला की लिनियर. हे मला सुरुवातीला जास्तीचे वाटले होते. पण शेडरच्या दृष्टीने दोन्ही तीन फ्लोटच आहेत, कंपायलर काही बोलत नाही, आणि एन्कोड रंगाची लिनियरशी बेरीज केली तरी चित्र उमटतेच. कोडची ओळ वाचणाऱ्याला चूक दिसावी, यासाठी नावाशिवाय दुसरे साधन आमच्या हाती नव्हते.

शेवटचे काम सर्वात लांब चालले. वक्ररेषा बरोबर झाली त्या दिवशी देखावा आधीपेक्षा वाईट दिसला. चुकीच्या वक्ररेषेवर बेतलेली सगळी तडजोड अजून जागेवर होती: एक-तृतीयांश केलेला सभोवारचा प्रकाश, दिवसाच्या देखाव्यातले जादा दिवे, शेवटची कॉन्ट्रास्टची वक्ररेषा. प्रकाशयोजना करणाऱ्या सहकारीने ते एकेक करून काढले. आधी कॉन्ट्रास्ट गेली, मग सभोवारचा प्रकाश मूळ आकड्यावर आला, मग जादा दिवे. जे दोन दिवे देखाव्यात खरोखर दिसत होते, तेवढेच दोन उरले. दगडांच्या फटी काळ्या झाल्या. दिवसाच्या खोलीतल्या कोपऱ्यात पहिल्यांदा खिडकीचा उजेड भिंतीवरून परतून पोहोचलेला दिसला, तो इतके दिवस जादा दिव्यांखाली दबलेला होता.